वाचकांचे प्रश्न : एकाच खोलीत गाणे, सिनेमा आणि जुन्या कॅसेटी

या महिन्यात मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच अडचणीभोवती फिरतात. बैठकीची खोली एकच, तिथेच गाणे ऐकायचे, तिथेच सिनेमा पाहायचा आणि लग्ना-मुंजीच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटीही अधूनमधून लावायच्या, तर हे सारे जोडायचे कसे? म्हणून हा सगळा अंक याच विषयाला दिला आहे. लातूरच्या पत्राला सविस्तर उत्तर दिले असून पुढच्या काही उत्तरांना त्याचा आधार आहे.

प्रश्न : माझ्याकडे नव्वदच्या दशकात घेतलेला स्टिरिओ ॲम्प्लिफायर, दोन मोठे उभे स्पीकर, रेकॉर्ड प्लेअर आणि सीडी प्लेअर आहे. नाट्यसंगीत आणि शास्त्रीय गायन रोज संध्याकाळी ऐकतो. यंदा मुलाने मोठा टीव्ही आणि पाच स्पीकरांचा एव्ही रिसीव्हर (सिनेमाचा आवाज आणि चित्र दोन्ही हाताळणारा ॲम्प्लिफायर) आणला. दुकानदाराच्या सांगण्यावरून जुना ॲम्प्लिफायर बाजूला ठेवून सगळे रिसीव्हरला जोडले, पण गाण्यातला जीव गेल्यासारखा वाटतो. शिवाय व्हीसीआरची, म्हणजे व्हिडिओ कॅसेट चालवणाऱ्या यंत्राची, पिवळी पिन रिसीव्हरला लावली तर टीव्हीवर चित्रच येत नाही. खोली १२ बाय १६ फुटांची आहे. काय करावे?
– एक सेवानिवृत्त शिक्षक, लातूर

उत्तर : जुना ॲम्प्लिफायर मुळीच काढू नका. गाण्याची वाट आणि सिनेमाची वाट वेगळी ठेवायची आणि दोहोंची गाठ फक्त एका ठिकाणी, म्हणजे समोरच्या दोन मोठ्या स्पीकरांपाशी घालायची, हे धोरण ठरवले की बाकीची जोडणी आपोआप सोपी होते. सगळे एकाच यंत्राच्या पोटात घालण्याचा सल्ला सोयीचा वाटतो खरा, पण त्यात गाणे सिनेमाच्या नियमांनी वाजू लागते आणि जुन्या यंत्रांना जागाच उरत नाही.

आपल्याला गाणे निर्जीव का वाटते, हे आधी पाहू. रिसीव्हरमध्ये रेकॉर्ड प्लेअरचा किंवा सीडी प्लेअरचा ध्वनी आला की बहुतेक वेळा त्याचे पुन्हा अंकीकरण होते, त्यावर खोलीनुसार सुधारणा केली जाते, साधारण ८० हर्ट्झच्या खालचा भाग सबवूफरकडे, म्हणजे फक्त खर्जाच्या स्पीकरकडे, वळवला जातो आणि सराउंडची (चहूबाजूंनी आवाज देण्याची) एखादी पद्धत चालू राहिली असेल तर गायकाचा आवाज मधल्या छोट्या स्पीकरमध्ये ढकलला जातो. आपल्या मोठ्या स्पीकरांना मग कामच उरत नाही. रिसीव्हरच्या रिमोटवर ‘डायरेक्ट’ किंवा ‘प्युअर डायरेक्ट’ असे बटण असते. ते दाबून एकच रेकॉर्ड पुन्हा ऐकून पाहा. निम्मी तक्रार तिथेच मिटण्याची शक्यता आहे. तरीही रोज ऐकण्यासाठी स्टिरिओ ॲम्प्लिफायरच ठेवावा असे माझे मत आहे, कारण गाणे ऐकायला टीव्ही, रिसीव्हर आणि पडद्यावरच्या याद्या चालू कराव्या लागू नयेत.

आता गाठ कशी घालायची ते पाहू. रिसीव्हरच्या मागे ‘प्री आउट’ असे लिहिलेली, ध्वनी दुसऱ्या ॲम्प्लिफायरकडे पाठवणारी जोडणी आहे का पाहा. निदान समोरच्या डाव्या-उजव्या वाहिन्यांसाठी ती हवी. असेल तर तिथून आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांच्या) वायरची एक जोडी स्टिरिओ ॲम्प्लिफायरकडे न्यायची आणि मोठे स्पीकर कायमचे स्टिरिओ ॲम्प्लिफायरलाच जोडलेले ठेवायचे. मधला स्पीकर, मागचे दोन आणि सबवूफर रिसीव्हरकडे राहतील. गाणे ऐकताना फक्त स्टिरिओ ॲम्प्लिफायर चालू राहील. सिनेमाच्या वेळी दोन्ही चालू राहतील आणि पाचही स्पीकरांचा आवाज रिसीव्हरच्या रिमोटने कमी-जास्त होईल.

ही वायर ॲम्प्लिफायरमध्ये कुठे लावायची, यातच खरी मेख आहे. काही ॲम्प्लिफायरांना ‘एचटी बायपास’ नावाची जोडणी असते. तिथे आलेला ध्वनी आवाजाच्या बटणाला वळसा घालून सरळ पुढे जातो. आपल्या ॲम्प्लिफायरला ती असेल तर उत्तम, पण त्या जोडणीला चुकूनही सीडी प्लेअर लावू नका. तिथे आवाज कमी करायला काहीच नसते, त्यामुळे पूर्ण ताकदीचा ध्वनी एकदम स्पीकरवर आदळून ट्विटर (बारीक स्वरांचा छोटा स्पीकर) जळू शकतो. नव्वदच्या दशकातल्या ॲम्प्लिफायरला ही सोय नसण्याचीच शक्यता अधिक आहे. तेव्हा साध्या ‘ऑक्स’ जोडणीचा उपयोग करा. आवाजाचे बटण एका ठरावीक जागी, समजा घड्याळातल्या अकरा किंवा बाराच्या जागी आणा आणि तिथे रंगाचा बारीक ठिपका द्या. बास-ट्रेबल मधोमध, ‘लाउडनेस’ बंद, बॅलन्स मध्यावर ठेवा. मग रिसीव्हरसोबत आलेला मायक्रोफोन आपल्या नेहमीच्या बसण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवून रिसीव्हरची स्वयंचलित मोजणी चालवा. रिसीव्हर त्या ठिपक्यालाच प्रमाण मानून बाकीच्या स्पीकरांचा मेळ घालतो. मोजणीनंतर समोरच्या स्पीकरांची पातळी उणे किंवा अधिक १२ डेसिबलच्या टोकाला जाऊन बसलेली दिसली, तर ठिपका थोडा सरकवून मोजणी पुन्हा करा. यापुढे सिनेमा लावताना बटण ठिपक्यावर आणायचे, एवढी सवय घरातल्या सर्वांना लावावी लागेल. यंत्रे सुरू करताना रिसीव्हर आधी आणि ॲम्प्लिफायर नंतर, बंद करताना ॲम्प्लिफायर आधी, म्हणजे स्पीकरमध्ये धप्प असा आवाज होत नाही.

रिसीव्हरला प्री आउट नसेल तर स्पीकर बदलण्याची पेटी वापरावी लागते. तिच्यात एका वेळी एकच ॲम्प्लिफायर स्पीकरला जोडला जातो. पेटी घेताना ती धन आणि ऋण अशा दोन्ही तारा तोडून बदलते का, हे दुकानदाराला विचारून घ्या. दोन यंत्रांच्या ऋण तारा एकत्र जोडणाऱ्या स्वस्त पेट्यांनी काही ॲम्प्लिफायर बिघडतात. एकाच स्पीकरला दोन ॲम्प्लिफायरांच्या तारा एकदम पिळून लावणे हा प्रकार तर कोणत्याही परिस्थितीत करू नका. त्यात दोन्ही ॲम्प्लिफायर जायबंदी होतात.

स्पीकरांच्या जागेबद्दल. १२ फुटांच्या भिंतीवर दोन मोठे स्पीकर एकमेकांपासून साधारण ७ फुटांवर आणि आपली खुर्चीही त्या प्रत्येकापासून ७-८ फुटांवर, असा त्रिकोण साधावा. टीव्ही मध्ये येणारच. मात्र स्पीकर टीव्हीच्या काचेच्या निदान फूटभर पुढे असू द्या, नाहीतर काचेवरून परतलेला आवाज गायकाची जागा विस्कटून टाकतो. मागचे दोन स्पीकर अगदी पाठीमागे न ठेवता बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना किंचित मागे, कानापेक्षा थोडे उंच लावा. आपल्याकडच्या घरांत वर स्लॅब, खाली शहाबादी किंवा गुळगुळीत फरशी आणि चारही बाजूंना गिलाव्याच्या उघड्या भिंती असतात, त्यामुळे टाळी वाजवली तरी खणखणाट उठतो. हजारो रुपयांच्या वायरी आणण्याआधी स्पीकर आणि खुर्ची यांच्यामध्ये जाड सतरंजी अंथरा, खिडकीला जड पडदा लावा आणि मागच्या भिंतीला पुस्तकांचे उघडे कपाट ठेवा. एवढ्याने होणारा फरक नव्या ॲम्प्लिफायरने होणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो, हे मी अगदी खात्रीने सांगतो.

मधला स्पीकर मोठ्या स्पीकरांच्या मेळाचा नसेल आणि सिनेमा पाहणारे दोघेच असाल, तर रिसीव्हरला ‘मधला स्पीकर नाही’ असे सांगून टाका. संवाद दोन मोठ्या स्पीकरांच्या बरोबर मधून येतील आणि आवाजाचा पोतही एकसारखा राहील.

राहिला व्हीसीआर. पिवळ्या पिनेतून जे चित्र येते ते जुन्या पद्धतीचे ॲनालॉग चित्र असते आणि रिसीव्हर ते एचडीएमआयमध्ये, म्हणजे नव्या टीव्हीच्या डिजिटल जोडणीत, बदलून देतोच असे नाही. अनेक रिसीव्हर पिवळ्या पिनेचे चित्र फक्त पिवळ्या पिनेनेच बाहेर सोडतात, म्हणून आपल्या टीव्हीवर काही दिसत नाही. रिसीव्हर बिघडलेला नाही. व्हीसीआरची पिवळी पिन सरळ टीव्हीला लावा. नव्या टीव्हीला तीन रंगांची छिद्रे नसतील तर ‘एव्ही इन’ असे लिहिलेले हेडफोनसारखे एकच छिद्र असते. त्याची जोडवायर त्याच कंपनीची घ्यावी, कारण त्या पिनेवर चित्राची जागा कुठे आणि आवाजाची कुठे, हे प्रत्येक कंपनीत सारखे नसते. व्हीसीआरचा आवाज मात्र स्टिरिओ ॲम्प्लिफायरच्या ‘टेप’ जोडणीला द्या.

असे का, तेही सांगतो. घरगुती कॅसेटींवरचा आवाज बहुधा फितीच्या काठावरच्या एकाच पट्टीत असतो. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-चित्राच्या पद्धतीत व्हीएचएस (व्हीसीआरच्या नेहमीच्या कॅसेटीतली) फीत सेकंदाला साधारण २.३४ सेंटिमीटर सरकते, तर साधी गाण्याची कॅसेट ४.७६ सेंटिमीटर. म्हणजे वेग निम्मा, म्हणूनच त्या आवाजात वरचे बारीक स्वर कमी असतात. असा एकवाहिनी आवाज सराउंड पद्धतीतून नेला तर तो सगळाच्या सगळा मधल्या छोट्या स्पीकरमध्ये जातो आणि आणखी किरटा होतो. मोठ्या दोन स्पीकरांतून तो भरीव ऐकू येतो. मंगलाष्टके म्हणणाऱ्यांचे आवाज ओळखू येतात. ‘हाय-फाय’ असे लिहिलेला व्हीसीआर आणि त्या प्रतीच्या विकतच्या सिनेमाच्या कॅसेटी असतील, तर गोष्ट वेगळी आहे. त्यांतला आवाज फिरत्या हेडने (फितीवर नोंद करणाऱ्या आणि ती वाचणाऱ्या भागाने) तिरप्या रेषांत नोंदलेला असतो आणि तो खरोखर चांगला असतो. कॅसेटीवर ‘डॉल्बी सराउंड’ लिहिलेले असेल तर त्या दोन वाहिन्यांत मागच्या स्पीकरांचा आवाजही दडलेला असतो. अशा वेळी आवाज रिसीव्हरला देऊन ‘प्रो लॉजिक’ किंवा त्याच्या जागी आलेली नवी पद्धत निवडावी.

एक अडचण येऊ शकते. नवा टीव्ही जुने चित्र सुधारण्यात वेळ घेतो आणि आवाज ओठांच्या आधी ऐकू येतो. टीव्हीची ‘गेम’ पद्धत चालू केली की हा उशीर बराच कमी होतो. तरीही खटकत असेल तर आवाजाच्या पिनाही टीव्हीला लावून टीव्हीच्या ‘एआरसी’ वाटेने (आवाज एचडीएमआय तारेतूनच उलट रिसीव्हरकडे पाठवण्याच्या सोयीने) तो रिसीव्हरकडे आणा आणि रिसीव्हर ‘स्टिरिओ’वर ठेवा, तो पुढे मोठ्या स्पीकरांतूनच वाजेल.

शेवटी, व्हीसीआर रिसीव्हरच्या डोक्यावर ठेवू नका. रिसीव्हर चांगलाच तापतो आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार असताना त्या उष्णतेत फीत आणि व्हीसीआरमधले रबर दोन्ही खराब होतात. रिसीव्हरच्या वर निदान वीतभर जागा मोकळी हवी.

प्रश्न : टीव्हीला जुन्या पिना नसल्याने पिवळी पिन एचडीएमआयमध्ये बदलणारी डबी आणली. सीडी-डीव्हीडी नीट दिसते, पण व्हीसीआर लावला की मधूनच पडदा काळा होतो, आणि माणसे बुटकी व जाड दिसतात.
– एक वाचक, नांदेड

उत्तर : डबी बदलून आणण्याआधी कारण समजून घ्या. पाल चित्रात ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ पूर्ण चित्रे, म्हणजे एकाआड एक रेषांची ५० अर्धचित्रे असतात. डीव्हीडीतून त्या रेषा अगदी वेळेवर येतात. कॅसेटीची फीत मात्र किंचित ताणली जाते, सैल पडते, हेडचा वेग हलतो, त्यामुळे प्रत्येक रेष थोडी मागेपुढे होते. जुना डबा टीव्ही हे निमूटपणे सांभाळून घेत असे. स्वस्त डबीला ते जमत नाही, ती संकेत हरवला असे समजून पडदा काळा करते. व्हीसीआरवरचे ‘ट्रॅकिंग’ (हेड आणि फितीवरची नोंद यांचा मेळ घालणारे बटण) आधी नीट लावा. नंतर घरात किंवा ओळखीत डीव्हीडी रेकॉर्डर असेल तर व्हीसीआर त्याच्या ‘लाइन इन’ला आणि रेकॉर्डर पुढे टीव्हीला जोडून पाहा. काही रेकॉर्डर आत आलेले चित्र साठवून, रेषा पुन्हा वेळेत बसवून बाहेर सोडतात. त्यामुळे चित्र स्थिर होते.

जाड माणसांचे कारण सोपे आहे. कॅसेटीचे चित्र ४:३ असते आणि डबी ते १६:९ मध्ये ताणते. टीव्हीच्या रिमोटवरून चित्राचे प्रमाण ४:३ करा. बाजूला काळ्या पट्ट्या राहतील, त्या राहू द्या. डबीवर ५० आणि ६० हर्ट्झची निवड असेल तर ५० ठेवा, म्हणजे चालणारी माणसे धक्के खात चालणार नाहीत. चित्राच्या अगदी तळाशी दिसणारी थरथरणारी बारीक पट्टी हा बिघाड नाही. हेड बदलताना ती उमटतेच, फक्त जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती झाकली जात असे.

बाजारात अगदी अशीच दिसणारी उलटी डबीही मिळते, जी एचडीएमआयचे पिवळ्या पिनेत रूपांतर करते. घेताना बाणाची दिशा वाचून घ्यावी.

प्रश्न : स्टिरिओ आणि रिसीव्हर जोडल्यापासून स्पीकरमधून सतत ‘हूं’ असा आवाज येतो. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर तर तो फारच वाढतो.
– एक वाचक, परभणी

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीसाठी सेट-टॉप बॉक्सला येणारी छत्रीची किंवा केबलची तार काढून पाहा. आवाज थांबला तर त्या तारेची अर्थिंग आणि घराची अर्थिंग यांच्यात फरक आहे असे समजावे. त्या तारेवर लावायचा आयसोलेटर मिळतो, तो बसवा, आणि सर्व यंत्रे एकाच बोर्डावरून चालवा. आवाज घालवण्यासाठी अर्थिंगची जाड पिन तोडून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. त्यात जिवाला धोका आहे. घराची अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, सुकलेल्या खड्ड्यातली अर्थिंग निकामी होत जाते, म्हणून त्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून पाणी ओतत राहावे.

दुसरी तक्रार इन्व्हर्टरची आहे. तो चौकोनी लहरीचा असेल तर ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणणारच. शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर घेणे शक्य नसेल, तर वीज नसताना ॲम्प्लिफायर आणि व्हीसीआर बंद ठेवणेच बरे.

प्रश्न : माळ्यावरच्या पेटीतून वडिलांच्या काळातल्या कॅसेटी काढल्या. काहींत पांढरे दिसते. लावून पाहाव्या का?
– एक वाचक, बीड

उत्तर : पांढरे दिसणाऱ्या कॅसेटी कृपा करून लावू नका. कॅसेट उजेडात धरून खिडकीतून गुंडाळलेल्या फितीच्या कडा पाहा. कडा काळ्याभोर, आरशासारख्या सपाट दिसायला हव्यात. त्यावर पिठासारखी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे असतील तर ती बुरशी आहे. अशी एक कॅसेट चालवली की बुरशी हेडवर बसते, आणि पुढे त्या व्हीसीआरमध्ये घातलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटीला लागते. त्या कॅसेटी वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा आणि फीत उलगडून साफ करणाऱ्या जाणकाराकडेच द्या.

चांगल्या दिसणाऱ्या कॅसेटी लावण्याआधी त्यांच्या पाठीवरचा छोटा प्लास्टिकचा तुकडा मोडून टाका, म्हणजे रेकॉर्डचे बटण चुकून दाबले तरी काही पुसले जाणार नाही. मग प्रत्येक कॅसेट शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा पूर्ण मागे गुंडाळून घ्या.

व्हीसीआरचे हेड साफ करायचे तर प्लग काढून झाकण उघडा. मऊ चामड्याच्या तुकड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो चकचकीत ड्रमला सपाट टेकवा. तुकडा स्थिर धरून ड्रमच वरून बोटाने हळूहळू फिरवा. तुकडा वर-खाली घासला तर हेडची नाजूक टोके तुटतात. कानात घालायचा कापूस वापरू नका, त्याचे धागे तिथे अडकतात. पूर्ण वाळल्यावरच कॅसेट घाला.

ठेवण्याची जागाही बदला. पत्र्याखालचा माळा उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो आणि श्रावण-भाद्रपदात ओल धरतो. खालच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. स्पीकरजवळ मात्र नको. त्याच्या चुंबकापासून निदान दोन फूट लांब.

प्रश्न : सगळ्या कॅसेटी संगणकावर उतरवून व्हीसीआर भंगारात द्यावा म्हणतो.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : उतरवून जरूर घ्या, त्यातही आप्तांचे आवाज असलेल्या कॅसेटींपासून सुरुवात करा. व्हीसीआर मात्र देऊ नका. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ साली उत्पादन थांबवले. आता चालू असलेला प्रत्येक व्हीसीआर जपण्याची वस्तू आहे, कारण पहिल्या वेळी नीट न उतरलेली कॅसेट पुन्हा उतरवायची वेळ हमखास येते.

मूळ प्रत ७२० बाय ५७६ या मापात, ५० अर्धचित्रे जशीच्या तशी ठेवून घ्यायला सांगा. फोटो स्टुडिओत ती बऱ्याचदा लहान करून, अर्धचित्रे मिसळून देतात, तेव्हा हालचाली पुसट होतात आणि गेलेला तपशील परत आणता येत नाही. डीव्ही या डिजिटल व्हिडिओ साठवण्याच्या पद्धतीत तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर दोन प्रती ठेवा, त्यांपैकी एक नातेवाइकांच्या घरी असू द्या.

प्रश्न : कीर्तनांच्या पुष्कळ व्हीसीडी (चित्रासह सीडी) आहेत. नवा ब्लू-रे प्लेअर त्या घेत नाही.
– एक वाचक, धाराशिव

उत्तर : अनेक ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी वाचत नाहीत. आपल्याकडे विकले गेलेले साधे डीव्हीडी प्लेअर बहुधा वाचतात; एखादा जुना चांगला मिळाला तर त्याची पिवळी पिन टीव्हीला आणि लाल-पांढऱ्या पिना स्टिरिओ ॲम्प्लिफायरला द्या. व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ एवढेच असल्याने मोठ्या पडद्यावर ते धूसर दिसेल, पण आवाज दोन वाहिन्यांचा असतो आणि मोठ्या स्पीकरांवर कीर्तन, विशेषतः मृदंग, समाधानकारक ऐकू येतो.

संगणकाला सीडी ड्राइव्ह असेल तर तबकडीतल्या ‘एमपेगएव्ही’ फोल्डरमधल्या डॅट फाइली उतरवून घ्या. व्हीएलसी प्लेअरवर त्या थेट चालतात. तबकड्या हाताळताना छापील बाजू अधिक जपा. चकाकणारा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो, त्यामुळे खालच्या बाजूचा ओरखडा एक वेळ निभावतो, पण वरच्या बाजूचा खोल ओरखडा त्या जागेवरची नोंद कायमची घालवतो. तबकडीवर बॉलपेनने कीर्तनकाराचे नाव किंवा तारीखही लिहू नका. ती पाकिटावर लिहा.